मागच्या सीटवर कोण बसतं?

गाडी घ्यायची ठरली की घरात चर्चा कशावर होते? मायलेज, रंग, हप्ता. आणि हल्ली एक प्रश्न हमखास असतो: "किती स्टार?" दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आता किराणा दुकानदारही विचारतो, ही चांगली गोष्ट आहे. पण हे स्टार नेमके कशाचे मिळतात, ते मी गेल्या वर्षी गाडी घ्यायच्या निमित्ताने नीट वाचलं. रिव्ह्यू पाहिले, टेस्टचे रिपोर्ट वाचले, एक्सेल शीट केली. एवढं सगळं करून शेवटी निर्णय ज्या प्रश्नावर झाला, तो त्या शीटमध्ये नव्हताच.

आधी घरची परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमचं घर नरपडला, डहाणू-बोर्डी रस्त्यावर. एका बाजूला सुरूचं बन आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. आमचीही एक छोटी वाडी आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, वय अठ्ठावीस. आईला दर पंधरा दिवसांनी उपचारासाठी वापीला न्यावं लागतं. आमच्या भागातल्या अनेकांना मुंबईपेक्षा वापी-वलसाड जवळ पडतं. लोकलने विरारकडे जाता येतं, पण उपचारानंतर आईला गर्दीत बसवून आणणं शक्य नाही. त्यामुळे भाड्याची गाडी, आणि ती नाही मिळाली की कुणाच्या तरी हातापाया पडणं. म्हणून गाडी.

बाबांची अट एकच होती: "डिक्की मोठी पाहिजे. चार क्रेट तरी आडवे बसले पाहिजेत." आईची अट: "चढताना गुडघे उचलायला लागू नयेत." म्हणजे एकाला लांब गाडी हवी, दुसरीला बुटकी. दोन्ही अटी एकत्र केल्या की जो आकार तयार होतो, त्याला जगात स्टेशन वॅगन म्हणतात. कारइतकीच खाली बसायची सीट आणि मागे छतापर्यंत उघडणारी लांब डिक्की.

बाबांना तो आकार आठवत होता. त्यांच्या तरुणपणी आमच्याकडच्या एका वाडीवाल्या शेठकडे टाटा इस्टेट होती. १९९२ साली आलेली ती गाडी बाबा अजून हाताने हवेत काढून दाखवतात. "पुढून गाडी, मागून टेम्पो." नंतरही आपल्याकडे काही वॅगन आल्या. मारुतीची बलेनो अल्टुरा आली, टाटाची इंडिगो मरीना आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. एकही टिकली नाही. लोकांना ती रुग्णवाहिकेसारखी किंवा मालवाहू वाटायची. शिवाय २००६पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. मग कंपन्या गाडीची शेपटी कापायला लागल्या, आणि जिची सगळी उपयुक्तता शेपटीत आहे अशा वॅगनला कोण विचारणार? २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे लांबीचा हिशोब अजून संपलेला नाही.

तर आमच्या बजेटमध्ये वॅगन नव्हती. राहिल्या हॅचबॅक, छोट्या एसयूव्ही आणि सात सीटच्या गाड्या. मी शीट उघडली.

रिव्ह्यूमधला माणूस

रिव्ह्यू करणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. चांगला रिव्ह्यूअर ब्रेक कसे लागतात, भरधाव वेगात गाडी हलते का, रात्री हेडलाइटचा उजेड कुठवर जातो हे अचूक सांगतो. ते मला दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळणार नाही. हे कॉलम मी त्यांच्याच भरवशावर भरले.

पण पंधरा-वीस व्हिडिओ पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. रिव्ह्यूमधला माणूस बहुतेक वेळा एकटा असतो. तो गाडी चालवतो, वळणावर जोर देतो, स्क्रीनचे इंच मोजतो. मागच्या सीटवर तो जातो तेव्हा गुडघ्यांना किती जागा आहे ते सांगून दोन मिनिटांत उतरतो. डिक्की तो लिटरमध्ये सांगतो, पण चिकूचा क्रेट लिटरमध्ये बसत नाही. त्याला डिक्कीच्या तोंडाची रुंदी लागते आणि उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते लागतं, कारण वीस किलोचा क्रेट साठीच्या माणसाला तिथवर उचलायचा असतो. म्हणून आम्ही शोरूममध्ये टेप घेऊन गेलो. बाबांनी रिकामा क्रेटच सोबत घेतला होता.

स्टारचा हिशोब

मग सुरक्षेचा कॉलम. इथे मी जास्त वेळ दिला.

आपल्याकडे हा विषय घराघरात पोचला तो २०१४ साली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची, एअरबॅग नसलेल्या प्रकारांची टक्कर चाचणी घेतली. पाचही गाड्यांना शून्य स्टार. त्यानंतर चार वर्षांनी, डिसेंबर २०१८मध्ये, टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. भारतीय गाडीला पहिल्यांदाच. मग सरकारने स्वतःची चाचणी आणली. भारत एनकॅपची घोषणा ऑगस्ट २०२३मध्ये झाली, ती लागू झाली १ ऑक्टोबर २०२३पासून, आणि त्याच डिसेंबरमध्ये हॅरियर आणि सफारीचे पहिले निकाल आले. चाचणी ऐच्छिक आहे. कंपनीने गाडी दिली तरच होते.

चाचणी अशी असते. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या चेपणाऱ्या अडथळ्यावर नेतात, पण पूर्ण नाही, रुंदीचा फक्त ४० टक्के भाग आदळतो. समोरून येणाऱ्या गाडीशी अर्धवट टक्कर व्हावी तशी. मग बाजूने ताशी ५० किलोमीटरने एक ट्रॉली येऊन धडकते. शिवाय खांबावर आडवी आदळण्याची चाचणी ताशी २९ किलोमीटरला. मोठ्या माणसांच्या संरक्षणाला ३२ गुण, मुलांच्या संरक्षणाला ४९. पाच स्टारसाठी ३२पैकी किमान २७ आणि ४९पैकी किमान ४१ लागतात.

एक सूचना इथेच देऊन ठेवते. वेगवेगळ्या वर्षांचे स्टार एकमेकांशी ताडून पाहू नका. ग्लोबल एनकॅपचे नियम २०२२च्या मध्यात कडक झाले. त्याआधीचे चार स्टार आणि नंतरचे चार स्टार म्हणजे जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमाचे टक्के. शोरूममधल्या पोस्टरवर स्टार मोठे असतात, तारीख बारीक असते. आणि कुठल्या व्हेरियंटला निकाल लागू आहे, तेही रिपोर्टमध्येच सापडतं.

हे सगळं शीटमध्ये भरलं. मग मी डमींचा तक्ता वाचला. समोरच्या टकरीत चालकाच्या सीटवर एक डमी असतो आणि शेजारी दुसरा. दोघेही सरासरी पुरुषाच्या मापाचे, उंची साधारण १७५ सेंटीमीटर, वजन ७८ किलोच्या आसपास. मागच्या सीटवर दोन मुलांचे डमी असतात, एक दीड वर्षाचा आणि एक तीन वर्षांचा, चाइल्ड सीटमध्ये बसवलेले.

मी तो तक्ता दोनदा वाचला. माझी उंची पाच फूट एक इंच, आणि गाडी मी चालवणार. मागे आई बसणार, वय एकसष्ठ, हाडं ठिसूळ. समोरच्या टकरीच्या त्या चाचणीत मी नव्हते आणि आईही नव्हती. मागच्या सीटवर मोठं माणूसच नव्हतं.

यात चाचणीवाल्यांनी काही लपवलेलं नाही. सगळं लिहिलेलं आहे. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरच्या टेस्ट लिहिण्याचं आहे, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा होता. शंभर टेस्ट पास झाल्या याचा अर्थ त्या शंभर प्रश्नांची उत्तरं बरोबर आली. एकशे एकावा प्रश्न कुणी लिहिलाच नसेल, तर त्यावर हिरवी खूण काहीच बोलत नाही. युरो एनकॅपने २०१५पासून एका चाचणीत मागच्या सीटवर लहान चणीच्या बाईचा डमी बसवला. अमेरिकेतल्या आयआयएचएसने २०२२च्या अखेरीस समोरच्या टकरीत मागच्या सीटवर तसाच डमी आणला. म्हणजे हा प्रश्न तिथेही उशिराच सुचला.

चारोटीचा पूल

पुण्याहून नरपडला येताना मी मनोरनंतर चारोटीला हायवे सोडते. त्याआधी सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ला, रविवारी दुपारी, उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मर्सिडीज त्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. आमच्याकडे ती बातमी देशाची नव्हती, गावाची होती. उदवाडा आमच्या शेजारचं, कासाचं रुग्णालय आमचं, आणि पूल तर रोजचा.

त्या मॉडेलला २०१५ साली युरो एनकॅपचे पाच स्टार होते. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडीतल्या नोंदींवरून आदळतानाचा वेग ताशी ८९ किलोमीटर असल्याचंही नंतर समोर आलं.

या आकड्यांचा मी हिशोब केला. टकरीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८९ला ६४ने भागा आणि वर्ग करा, उत्तर १.९३ येतं. म्हणजे चाचणीत गाडी जेवढा मार खाते त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि चाचणीतल्या प्रत्येक डमीला बेल्ट लावलेला असतो. स्टार तिथून पुढे मोजायला लागतात. बेल्ट न लावलेल्या माणसासाठी स्टारच नाहीत.

मागे बसणाऱ्याला वाटतं, पुढे सीट आहे, ती अडवेल. ताशी ६४ किलोमीटरने जाणारी गाडी थांबते, बेल्ट नसलेलं शरीर थांबत नाही. त्या वेगाने आदळणं म्हणजे सुमारे सोळा मीटर उंचीवरून पडणं, पाचव्या मजल्यावरून. आमच्याकडच्या उंच ताडाच्या शेंड्यावरून म्हटलं तर बाबांना लगेच समजतं. आणि ते शरीर पुढच्या सीटवर आदळतं, म्हणजे पुढे बेल्ट लावून बसलेल्यालाही धोका.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ माणसं गेली. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ अर्धे-अर्धे. मागे बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि नियम मिस्त्रींच्या अपघाताच्या आधीपासूनचा आहे. तरी बेल्टचा आवाज बंद करायला बकलमध्ये खोचायची क्लिप ऑनलाइन मिळायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना आदेश दिले, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. आवाज नको म्हणून पैसे मोजणारे आपण लोक.

आईची टेस्ट

आमच्या घरातही बेल्टवरून वाद होताच. भाड्याच्या गाडीत आई कधी लावत नसे. मी म्हटलं, "आई, लाव ना गं." ती म्हणायची, "गळ्याला काचतो. आणि पदर चुरगळतो." बाबा तिच्या बाजूने: "मागं कशाला? पोलीस पुढचंच बघतात."

मी बरेच दिवस यावर भाषणं दिली. मग एकदा तिच्या शेजारी बसून नीट पाहिलं, तर ती खरं सांगत होती. बेल्ट खरंच तिच्या गळ्यावरून जात होता. तिची उंची चार फूट अकरा इंच, आणि मागच्या बेल्टचा वरचा टोक बहुतेक गाड्यांत पक्का असतो, वर-खाली होत नाही. बेल्ट खांद्याच्या मधून आणि छातीवरून जायला हवा, खालचा पट्टा पोटावर नाही तर कमरेच्या हाडांवर बसायला हवा. तसं नसेल तर माणूस तो काढणारच, किंवा काखेखालून घेणार, जे आणखी वाईट.

मग मी शीट बंद केली आणि आईला शोरूममध्ये घेऊन गेले. एका शनिवारी तीन शोरूम.

पहिल्या ठिकाणी सेल्समन सनरूफ दाखवायला उत्सुक होता. आई म्हणाली, "बाळा, छत नंतर बघू, आधी मला बसू दे." ती चढली, पण पायरी उंच. बेल्ट ओढला तर बकल सापडेना. नव्या कोऱ्या सीट कव्हरखाली बकल दडपलेलं होतं. अशी कव्हरं सीटच्या बाजूला असलेल्या एअरबॅगलाही अडवू शकतात, हे मी सेल्समनला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, कव्हर फ्री आहे."

दुसऱ्या गाडीत चढणं सोपं, डिक्की बाबांच्या मनासारखी, पण बेल्ट पुन्हा गळ्यावर. शिवाय मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा. आजी सोबत आली तर तिला तिथे बसावं लागणार.

तिसऱ्या गाडीत आई बसली, बेल्ट लावला आणि काहीच बोलली नाही. मी विचारलं, "काचतोय?" म्हणाली, "नाही गं. लावलाय का तेच कळत नाही." तिथे सीट जरा वर होती आणि बेल्ट बरोबर खांद्याच्या मध्यावर येत होता. मधल्या सीटलाही तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट. मागचा बेल्ट न लावल्यास गाडी आवाज करते. मी पुढे बसून पाहिलं. स्टिअरिंग वर-खाली होतं तसं मागे-पुढेही होतं, त्यामुळे पेडलपर्यंत पाय पोचूनही छाती आणि स्टिअरिंगमध्ये एक वीत राहत होती. एअरबॅगसाठी साधारण २५ सेंटीमीटर अंतर लागतं. लहान चणीच्या बायका सीट पुढे ओढून बसतात तेव्हा ते राहत नाही.

त्या गाडीला भारत एनकॅपचे पाच स्टार होते. दुसऱ्या गाडीलाही होते. दोघींमधला फरक रिपोर्टमध्ये नव्हता, आईच्या खांद्यावर होता. गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या आईची उंची मला माहीत नाही.

क्रेट

बाबांचा क्रेट राहिलाच. तिसऱ्या गाडीत चारऐवजी तीन बसले. बाबा जरा हिरमुसले. "इस्टेटमध्ये आठ बसले असते," म्हणाले.

वॅगन असो की एसयूव्ही, डिक्की आणि माणसं एकाच खोलीत असतात. मध्ये फक्त सीटची पाठ. ताशी ६४ किलोमीटरने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर वीस किलोचा सुटा क्रेट मागच्या सीटवर साडेतीनशे किलोच्या जोराने आदळेल. त्या सीटवर आई. हे सांगितल्यावर बाबा पुढचं सगळं स्वतःच करायला लागले. आता क्रेट सीटच्या पाठीला टेकवून, खाली ठेवून, डिक्कीतल्या हुकांना पट्ट्याने बांधतात. सीटच्या पाठीच्या वर काही रचायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

वापीच्या फेऱ्या आता आम्ही आमच्या गाडीने करतो. तलासरीला हायवेला लागलं की आई स्वतःहून बेल्ट चाचपून पाहते. वेगाचा काटा ऐंशीच्या वर गेला की मागून "हळू" येतं. ताशी ८०ला ऊर्जा चाचणीच्या दीडपट होते, हे तिला सांगितलेलं नाही. तिला त्याची गरजही वाटत नाही.

त्याच हायवेवर आमच्या पुढे-मागे पिकअप जातात. मागच्या हौद्यात वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघालेली माणसं उभी असतात, कडेला लहान मुलं घेऊन बायका बसलेल्या असतात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांमधून रोज निघणाऱ्या या लोकांसाठी मागची सीटच नाही, तर बेल्ट आणि स्टार कुठून असणार? गेल्या महिन्यात अशाच एका पिकअपच्या मागे आम्ही बराच वेळ होतो. आईने काच खाली केली आणि म्हणाली, "जरा अंतर ठेव गं. त्यांनी एकदम ब्रेक मारला तर ती पोरं आपल्यावर येतील." मी वेग कमी केला. वापीला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला.